वालुकाभूमीतील खुजा ओक

क्वेर्कस या प्रजातीतील वृक्षांना व क्षुपांना ओक म्हणतात. महाराष्ट्रात ओकची एकही जाती निसर्गतः वाढत नाही. बाळगुटीतील मायफळ म्हणजे पश्चिम आशियातील एका ओकवर कीटकामुळे आलेली गाठ. आपला घरगुती परिचय एवढाच. प्रस्तुत विवेचन क्वेर्कस जेमिनाटा या जातीचे असून तिला येथे 'वालुका-ओक' म्हटले आहे. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, उत्तर कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंत व पश्चिमेस मिसिसिपीपर्यंत, तिचा प्रसार आहे. जॉन कंकेल स्मॉल यांनी 1897 मध्ये तिचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन केले.

ही जाती शुष्क वालुकाभूमीत वाढते. शुष्कता द्विविध असते: (1) पर्जन्याभावजन्य आणि (2) मृत्तिकाजन्य. फ्लोरिडात वर्षाला सुमारे 1300 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा पहिला प्रकार येथे संभवत नाही. परंतु तेथील शुभ्र वाळूत चिकणमाती व सेंद्रिय द्रव्य अत्यल्प असल्याने पाणी झपाट्याने झिरपते व त्याबरोबर पोषकद्रव्येही जातात. ही शुष्कता दुसऱ्या प्रकारची होय.

पर्णरचनेचा अर्थ यावरून लागतो. पान लहान, जाड व चिवट असते. कडा खाली इतक्या वळलेल्या असतात की पान पालथ्या होडीसारखे दिसते. वरच्या पृष्ठावर शिरा खोल रुतलेल्या, खालच्या पृष्ठावर फिकट लव दाट. पर्णरंध्रे खालच्या बाजूस असल्याने लव व वळलेल्या कडा यांच्या आड हवा स्थिर राहते आणि बाष्पोत्सर्जन घटते. जुनी पाने वसंतात गळतात, तोच नवी फुटतात.

क्वेर्कस व्हर्जिनियाना हा या जातीचा निकटचा आप्त. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी वालुका-ओकला त्याचाच एक प्रकार मानले. हे मत ग्राह्य वाटत नाही. तो आप्त अधिक ओलसर व सकस भूमीत वाढतो. शिवाय वालुका-ओक त्याच्यानंतर सुमारे दोन ते तीन आठवड्यांनी फुलतो. त्यामुळे परागांची देवघेव पूर्णपणे थांबत नसली, तरी मर्यादित होते.

आता खुजेपणाचा विचार. तोही द्विविध मानावा: जातिगत आणि अवस्थागत. अनुकूल स्थळी वालुका-ओक दहा मीटरपर्यंत व त्याहूनही उंच वाढतो, म्हणून त्याचा खुजेपणा जातिगत नव्हे. वालुकाभूमीवरील झुडुपी वनात (स्क्रबमध्ये) तो बहुधा एक ते तीन मीटर असतो, आणि याचे प्रमुख कारण अग्नी. वणव्यात भूमीवरील भाग जळतो. वाळूखालची आडवी मूलक्षोडे जिवंत राहतात व काही आठवड्यांतच नवे धुमारे देतात. अशा रीतीने एकाच वनस्पतीची अनेक खोडे विस्तृत क्षेत्र व्यापतात. म्हणून खोडाचे वय हे वनस्पतीचे वय नव्हे. उंची ही मुख्यतः मागील वणव्यानंतर लोटलेल्या काळावर अवलंबून असते.

याच अवस्थेवर काककुलातील फ्लोरिडा स्क्रब-जे हा पक्षी जगतो. हा पक्षी फ्लोरिडाबाहेर कोठेही आढळत नाही. त्याला ठेंगणे ओक व मधून मधून उघडी वाळू हवी असते. एक पक्षी शरद ऋतूत सहा ते आठ हजार ओकफळे एकेक करून वाळूत पुरतो. न काढलेल्या फळांतील काही रुजतात. म्हणजे ओकने अन्न द्यावे व पक्ष्याने बीजप्रसार करावा, असा हा परस्परसंबंध आहे. वणवा दीर्घकाळ रोखल्यास ओक वाढून दाट होतात, वाळू झाकली जाते आणि पक्षी तेथून जातो. वस्त्यांचा विस्तार व वणव्यांचा प्रतिबंध यांमुळे त्याचा अधिवास घटला आणि 1987 मध्ये त्याची संकटग्रस्त म्हणून शासकीय नोंद झाली.

म्हणून केवळ कुंपण घालून हे झुडुपी वन टिकत नाही. केनेडी अवकाश केंद्राभोवतीच्या मेरिट बेटावर नियंत्रित वणवे लावले जातात. जेथे ओक फार वाढल्याने आग नीट पसरत नाही, तेथे ते आधी यंत्राने तोडून मग जाळले जातात.