दगडांची पात्रता

आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत लढाई, तिच्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. नाव मात्र कोठेच कोरलेले नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी त्याचे छायाचित्र 'पोकेमॉन गो' या मोबाइलवरील खेळाकडे धाडले. खेळाच्या नकाशावर हा दगड एक थांबा व्हावा, एवढीच त्याची इच्छा. परीक्षकांनी तो नापास केला. हे परीक्षक म्हणजे कोणी पुराणवस्तूंचे जाणकार नव्हेत, त्याच्यासारखेच खेळाडू! मुलगा माझ्याकडे आला. "गुरुजी, चार ओळी लिहून द्या. तुम्ही कादंबऱ्या लिहिता. एखादे नाव घाला की वीराला."

त्याला काय लिहून द्यावे, या विचारात मी या नकाशाची हकीगत शोधू लागलो.

तिची सुरुवात २०१२ सालची. त्या वर्षी गूगलच्या आश्रयाखालील नायँटिक मंडळीने 'इन्ग्रेस' नावाचा खेळ काढला. पुतळे, जुन्या इमारती, स्मारके, भिंतींवरची चित्रे अशी स्थळे म्हणजे त्यातील 'द्वारे'. गावोगावच्या खेळाडूंनी आपल्या भागातील स्थळांची छायाचित्रे पाठवून नकाशा भरत नेला. स्थळाला इतिहास असणे ही तेथे मोठीच पात्रता होती. जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' आला तो याच नकाशावर उभा राहून.

आणि या पात्रतेनेच घात केला. २०१५ साली जर्मन वृत्तपत्रांतून बोभाटा झाला, की डाखाऊ आणि साक्सेनहाउसेन येथील नाझी छळछावण्यांच्या आवारातही द्वारे आहेत. नियमाप्रमाणे पाहिले तर चूक काय होती? या जागांना इतिहास नाही, असे कोण म्हणेल? पण जेथे माणसे हालहाल होऊन मेली, तेथे द्वार जिंकण्याची शर्यत लागावी, ही कल्पनाच अंगावर काटा आणते. कंपनीने क्षमा मागून ती द्वारे काढली. इतके होऊनही पुढल्याच वर्षी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाला, येथे खेळू नका, अशी विनवणी पाहुण्यांना करावी लागली. हिरोशिमाच्या नगरपालिकेने ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनाआधी शांतिउद्यानातील थांबे काढून घ्यायला लावले. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात तक्रार गेली, ती खेळातली अंडी देवळांत दिसतात म्हणून. ती अंडी चित्रातली, खरे; पण ज्याच्या देवळात ती दिसतात त्याला हे समजावून पाहा!

अमेरिकेत घरमालकही कोर्टात गेले. २०१९ च्या तडजोडीत, राहत्या घरापासून चाळीस मीटरांच्या आतल्या स्थळाबद्दल मालकाने तक्रार केली तर तिची दखल घेण्याचे कंपनीने कबूल केले. पुढे नियमांत शाळांची आवारेही वगळलेली आढळतात. मास्तर म्हणून मला त्याचे दुःख नाही.

हे सारे वाचल्यावर मी मुलाला विचारले, "शनिवारी मारुतीला येणाऱ्या बायका उरलेले तेल या दगडावर घालतात. त्यांना विचारलेस का?"

"त्यांना काय विचारायचे, गुरुजी? दगड कुणाच्या मालकीचा थोडाच आहे!"

मी त्याला त्यांच्याकडे धाडले. एका म्हातारीने विचारले, "खेळायला येणारी पोरे पायांत वहाणा घालून येतील का?" तो म्हणाला, "नाही, आजी." मग तिची हरकत उरली नाही.

नाव मी घातले नाही. कादंबरीत मी बेधडक घालतो, परंतु या दगडावर कोणा खऱ्या माणसाचे मरण कोरलेले आहे. वहीच्या पानावर लिहून दिले : 'वीरगळ. लढाईत पडलेल्या माणसाचे स्मारक. नाव व काळ अज्ञात. वहाणा काढून जवळ जावे.' शेवटचे वाक्य परीक्षकांना रुचणार नाही, असे मुलाचे मत पडले. तरी त्याने ते तसेच धाडले. निकाल अद्याप लागलेला नाही.