दारूचा दाणा आणि तोफेची नळी

मराठीतील 'दारू' हा शब्द फार्सीतून आला. तेथे त्याचा अर्थ औषध. इंग्रजी 'पावडर', फ्रेंच 'पूद्र' व जर्मन 'पुल्व्हर' हे शब्द मात्र भुकटी या अर्थाचे आहेत. पंधराव्या शतकात युरोपात दाणेदार दारू प्रचारात आली, तरी भुकटीचे नाव कायम राहिले. दाण्याच्या आकाराचा विचार मागे पडला तो या नावामुळे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु खरा अडसर नावाचा नव्हता, एका गृहीतकाचा होता. ते गृहीतक कसे ढळले, हे पाहणे एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ साली तोफशास्त्रास गणिताचा पाया दिला. गोळा जागचा जाणवण्याइतका हलण्यापूर्वीच सर्व दारूचा वायू होऊन चुकतो, असे त्याने गृहीत धरले. हे मान्य केले की नळीची लांबी हा केवळ वायूच्या प्रसरणाचा प्रश्न उरतो. ज्वलनास लागणाऱ्या काळाला त्यात स्थानच राहत नाही. लहान तोफांत हे बरेचसे निभावले. तोफा मोठ्या होऊ लागल्या तेव्हा निभेना.

२८ फेब्रुवारी १८४४ रोजी अमेरिकेच्या 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेवर 'पीसमेकर' नावाची तोफ फुटली आणि परराष्ट्रमंत्री व नौदलमंत्री यांच्यासह ६ जण ठार झाले. अशा अपघातांत धातूकडे बोट दाखविले जाणे स्वाभाविकच होते. टॉमस रॉडमन या अमेरिकन अधिकाऱ्यानेही आरंभी ओतकामाचीच सुधारणा हाती घेतली. परंतु पुढे नळीतील दाब मोजण्याचे साधन बनवून त्याने दारूचीही परीक्षा केली. दाणा मोठा केला की दाबाचे शिखर खाली येते, असे त्यास आढळले. दाणा बाहेरून आत जळतो, म्हणून त्याचा जळता पृष्ठभाग क्रमाने घटतो. यावर उपाय म्हणून त्याने छिद्रे पाडलेल्या दारूच्या वड्या सुचविल्या: छिद्र जळता जळता रुंदावते, पृष्ठभाग वाढतो, आणि गोळा पुढे सरकत असतानाही वायूचा पुरवठा टिकून राहतो. त्याचे हे प्रयोग १८६१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

येथे प्रश्नाचे स्वरूपच पालटले. शीघ्र जळणारी दारू सारा भार तोफेच्या बुडावर टाकते, आणि लांब नळीच्या पुढील भागास फारसे काम उरत नाही. उलट, मंद दारू आखूड नळीत घातली तर तिचा काही अंश तोंडाबाहेर जळून वाया जातो. मंद दारूचा लाभ घ्यावयाचा तर नळी लांबच हवी. आणि लांब नळीची तोफ जहाजावर तोंडाकडून ठासणे अतिशय अडचणीचे. ब्रिटिश आरमाराने १८८० च्या सुमारास ठासणीच्या तोफा सोडून मागून भरावयाच्या तोफा पुन्हा स्वीकारल्या, त्यामागील एक कारण हेच होते.

१८८४ साली पॉल व्हिएल याने फ्रान्समध्ये धूरविरहित दारू सिद्ध केली. तिचा पदार्थ घट्ट व सच्छिद्रतारहित असल्यामुळे ती थराथराने जळे. पापुद्र्याची जाडी ठरविली की ज्वलनाचा काळही बऱ्याच अंशी आटोक्यात येई. तथापि शस्त्र बदलून काडतूस तेच ठेवले, तर जुना विसंवाद पुन्हा डोके वर काढी. दुसऱ्या महायुद्धात ली-एन्फील्ड रायफलची सुमारे २५ इंचांची नळी आखूड करून सुमारे १९ इंचांची 'जंगल कार्बाइन' बनविण्यात आली. काडतूस मात्र पूर्वीचेच राहिले. तोंडाशी उठणारा भडका झाकण्यासाठी शंकूच्या आकाराचे टोपण बसवावे लागले.

तात्पर्य, नळीची लांबी व दाण्याची घडण ही एकाच प्रश्नाची दोन अंगे होत. इतिहासाच्या अभ्यासकाची अडचण अशी की, वस्तुसंग्रहालयात नळी उरते, दारू उरत नाही. जी तोफ आज अकारण लांब किंवा अकारण जाड वाटते, तिच्याविषयी निर्णय देण्यापूर्वी तिच्यात कोणता दाणा जळत होता, हे विचारणे आपले कर्तव्य आहे.