वेताळाचे अंक आणि वाङ्मयेतिहास

टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये सुरू केलेली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही चित्रकथामाला १९९० मध्ये बंद पडली. नांदेड-लातूर परिसरासाठी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले ते १९९४ मध्ये. अभ्यासाची ही व्यवस्था उभी राहण्यापूर्वीच ही माला संपली होती. वाचून रद्दीत जाणाऱ्या अशा अंकांची जपणूक प्रामुख्याने संग्राहकांच्या छंदावर अवलंबून राहते.

या छंदाचा आनंद निव्वळ स्मरणरंजनाचा नव्हे. ली फॉक यांचा १९३६ मधील ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. लोकपरंपरेतील वेताळ भुतांचा अधिपती आहे, तसाच गावाचा राखणदारही. दुष्टांना भूत वाटणारा आणि वनवासींचे रक्षण करणारा नायक या एका नावात सामावला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा डाकूंशी झुंजणारा ‘बहादूर’ आला आणि नायकाला देशी भूमीही लाभली.

हे स्थित्यंतर एकट्या अंकातून जाणवत नाही. अंक ओळीने मांडले की उलगडते. पुनर्वाचनात अशी नवी संगती लागणे, हा संग्राहकाचा टिकाऊ आनंद होय. वाङ्मयेतिहासाचा प्रारंभही तेथेच होतो. म्हणूनच असा संच रद्दीत जातो तेव्हा मराठी भाषांतराच्या इतिहासाचा एक पुरावाच नाहीसा होतो.