तीनदा नाकारलेली तेरा पानं

'माहितीचं अर्थशास्त्र शिकायचंय, सुरुवात कुठून करू?' असं बरेच जण विचारतात. जाडजूड पाठ्यपुस्तक नको. आधी जॉर्ज अ‍ॅकरलॉफचा 'द मार्केट फॉर लेमन्स' वाचा. १९७० चा निबंध, जेमतेम १३ पानं. मधलं गणित पहिल्यांदा सोडलंत तरी चालेल.

'लेमन' म्हणजे अमेरिकन बोलीत डबडा गाडी. जुन्या गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा मधलाच भाव सांगतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, राहू दे, नाही विकत! तो गेला की उरलेला माल आणखी सुमार, भाव आणखी खाली. असं होत होत बाजारच बसू शकतो. सेकंडहँड फोन घेताना पोटात गोळा येतो ना, तो यामुळेच.

१९६७ मध्ये पहिल्या नियतकालिकाने निबंध 'क्षुल्लक' म्हणून परत केला. तेव्हा अ‍ॅकरलॉफ वर्षभरासाठी दिल्लीत, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये होता. पुढे आणखी दोन नकार आले. एका परीक्षकाचं म्हणणं, हे खरं असेल तर अर्थशास्त्रच वेगळं असतं. २००१ मध्ये नोबेल मिळालं, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासोबत!

निबंधातला भारतावरचा भाग चुकवू नका. शहरातून स्वस्तात पैसा उचलून गावात सावकारापेक्षा कमी व्याजाने कर्ज दिलं तर? अ‍ॅकरलॉफ म्हणतो, बाहेरच्याकडे बुडवे कर्जदारच गोळा होतील. कोण फेडेल हे सावकाराला माहीत असतं. त्याची सत्ता फक्त पैशाची नाही, माहितीची आहे.

त्यानंतर स्पेन्सचा १९७३ चा निबंध. पदवीने तुमचं काम सुधारो न सुधारो, मालकाला ती एक खूण वाटते. नोकरी शोधणाऱ्यांनी जरूर वाचावा, थोडा झोंबेल. हायेकचा १९४५ चा लेख मात्र सावकाश, भाषा जड आहे.

शेवटी रॉबर्ट जेन्सनचा २००७ चा अभ्यास, माझा सगळ्यात आवडता. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ दरम्यान मोबाईल आले. त्याआधी एका बंदरावर गिऱ्हाईक नसायचं, म्हणून ५ ते ८ टक्के मासळी वाया जायची, आणि शेजारच्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतायचं. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारू लागले. नासाडी जवळपास थांबली, त्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि मासळी ४ टक्के स्वस्त झाली.