आश्वासन सात वाजेपर्यंतचे : १९५३ च्या एका पुणेरी खटल्याविषयी

सदाशिव पेठेची ख्याती पाट्यांसाठी आहे. बेल एकदाच वाजवावी, वाहन येथे लावू नये, दुपारी एक ते चार चौकशी करू नये. येणाऱ्याची कर्तव्ये सांगण्यात या पेठेने कधी कसूर केली नाही. या पाट्यांच्या पेठेतही आता उलट्या जातीची एक पाटी भिंतीवर लावणे कायद्याने आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नियम सुधारले आणि खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी असे ठरवले. आत येणाऱ्याचे हक्क सांगणारी ही पाटी थांबून वाचणारे आम्हांला क्वचितच दिसले. तिच्यामागचा इतिहास मात्र बराचसा पुण्यातच घडलेला आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तो वाचावा असे आम्हांला वाटते.

६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर आनंद गोडबोले हा वीस वर्षांचा तरुण अपघातात सापडला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. किनाऱ्यापासून घर दीड मैल. खाट आणून त्याला घरी नेण्यातच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला, पुढे फळ्यांच्या जागी स्प्लिंट बसवले आणि पुण्यास हलवण्याचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर एक वाजता टॅक्सी निघाली. सोबत आई आणि ते डॉक्टर. सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास मंडळी पुण्यात पोचली. वडील त्र्यंबक बापू गोडबोले दौंडला वैद्यकीय व्यवसाय करीत. तेही पुण्यात आले होते. ताराचंद रुग्णालयात पाय तपासल्यावर हाडाची टोके एकमेकांवर चढल्याचे दिसले. मग मुलाला डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते.

यापुढील सात तासांचा हिशेब न्यायालयांनी पंधरा वर्षे तपासला. मॉर्फियाची दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यावीत अशी सूचना होती. एकच दिले गेले. तळमजल्यावर क्ष-किरण चित्रे काढली गेली, मग वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियागृहात तासाहून थोडा अधिक वेळ. साडेपाचच्या सुमारास पाय प्लास्टरमध्ये घालून मुलाला खोलीत आणले. सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असे आश्वासन मिळाल्यावर वडील दौंडला परतले. साडेसहाला आईच्या लक्षात आले, की मुलाला श्वास घेणे जड जात आहे. तातडीचे उपचार सुरू झाले. नऊ वाजता मुलगा गेला. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले गेले : चरबीच्या कणांमुळे रक्तवाहिनीत झालेला अडथळा.

आईवडिलांनी दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की भूल न देता, तिघा सेवकांकडून पाय जोराने ओढवून हाड बसवण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्याने मृत्यू ओढवला. डॉक्टरांचे म्हणणे, हाड बसवणे आपण पुढे ढकलले होते. पाय केवळ स्थिर केला. एकाच तासाच्या या दोन कथा. कनिष्ठ न्यायालयाने आईवडिलांची कथा मान्य करून ३००० रुपयांची भरपाई देवविली, मुंबई उच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला आणि २ मे १९६८ रोजी न्या. शेलत यांनी लिहिलेल्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांचे अपील फेटाळले. दाखल्यावरचे कारण न्यायालयांना पटले नाही.

या निकालातील जो भाग पुढे शेकडो वेळा उद्धृत झाला, तो डॉक्टरांच्या तीन कर्तव्यांचा : रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना, तिन्ही वेळी वाजवी काळजी घेणे. सर्वश्रेष्ठ कौशल्याची अपेक्षा कायदा करत नाही, अगदी सुमार कौशल्यही त्याला चालत नाही. उपचार निवडण्याचे स्वातंत्र्य डॉक्टरला आहे, निकडीच्या प्रसंगी ते अधिक व्यापक असते, हेही निकालात स्पष्ट आहे. भारतातील वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा शिकवताना आजही सुरुवात बहुधा येथूनच होते.

आम्हांला मात्र या तिन्ही कर्तव्यांत एक उणीव जाणवते. तिन्ही कर्तव्ये डॉक्टरच्या मनात आणि हातात आहेत. रुग्णाला सांगणे हे त्यांत कोठेच नाही. आणि येथे ऐकणारा स्वतः डॉक्टर होता! हाड कसे मोडले आहे, त्यावर काय करावे लागते, हे कळणारा माणूस एका आश्वासनावर विसंबून दौंडची वाट धरतो. रुग्णालयाच्या दारातून आत गेला, की जाणता माणूसही ‘नातेवाईक’ होऊन जातो. वडिलांच्या ज्ञानाला त्या दुपारी काही किंमत उरली नव्हती. किंमत राहिली ती खोलीत बसून राहिलेल्या आईच्या नजरेला.

येथे चरकसंहिता आठवणे अस्थानी होणार नाही. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार गुण. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. त्याच्या गुणांत अनुराग हा एक आहे. रोग्याच्या चार गुणांत स्मृती व अभीरुत्व यांबरोबर निर्देशकारित्व, म्हणजे सांगितलेले ऐकणे आहे, तसेच ज्ञापकत्व, म्हणजे आपल्याला काय होते ते सांगता येणे, हेही आहे. आपल्या समाजाने यांतला ऐकण्याचा गुण तेवढा उचलला आणि सांगण्याचा बाजूला ठेवला, असे आमचे मत आहे. अर्थात चरकाला आधुनिक हक्कांचा आद्य पुरस्कर्ता ठरवण्याचा मोह नको. विमानस्थानातील शिष्याच्या दीक्षेत घरातील गोष्ट बाहेर न सांगण्याचा सुंदर दंडक आहे, पण राजाच्या द्वेषास पात्र झालेल्याला आणि पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रीला औषध देऊ नये, असेही तेथेच आहे. रुग्ण कोणाला म्हणावे हे आधी ठरते, हक्क नंतर येतात.

न सांगण्याची उणीव भरून यायला फार काळ लागला. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला त्याची कागदपत्रे मिळालीच पाहिजेत असे म्हटले, आणि २००२ च्या वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेने ती ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. संमती म्हणजे पुरेशी माहिती मिळाल्यानंतरची संमती, हे सविस्तर मांडणारा निकाल तर २००८ चा. मधल्या काळात, २००५ साली, डॉक्टरांवर ऊठसूट फौजदारी खटले होऊ नयेत म्हणून न्यायालयाला त्यांच्याही बाजूने कुंपण घालावे लागले. आणि २०१० मध्ये रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला. जिथे बोलणे संपते तिथे काचा फुटतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याचे समर्थन अर्थातच होऊ शकत नाही.

‘ग्राहक’ या शब्दाविषयी आमच्या मनात अजून किंतु आहे. ३००० रुपये ही त्या काळीही मुलाच्या जिवाची किंमत नव्हती आणि गोडबोले दांपत्य पंधरा वर्षे तेवढ्यासाठी लढले असावे असे वाटत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर जे लिहिले गेले ते खरे नाही, एवढे कोणीतरी अधिकाराने म्हणावे, ही त्यांची मागणी असावी. ग्राहकाला वस्तू बदलून मिळते, पैसे परत मिळतात. वृत्तान्त दुरुस्त करून मागणाऱ्याला तो शब्द पुरत नाही.

निकालपत्र इंग्रजीत असून सहज मिळते. कोणत्या वाक्यांत कर्ता गाळला आहे आणि वेळा कोणी सांगितल्या आहेत, एवढ्या दोनच गोष्टींवर लक्ष ठेवून विद्यार्थ्यांनी ते वाचावे.