बोबड्या बोलांचे गाणे

नाताळची गाणी म्हटली की चर्चमधली गंभीर स्तोत्रे आठवतात. पण अमेरिकेत नाताळची विनोदी गाणीही पुष्कळ झाली. त्यांतल्या एकाचा जन्म तर चक्क शाळेच्या वर्गात झाला!

सन १९४४. महायुद्ध चालू होते. न्यूयॉर्क राज्यातल्या स्मिथटाऊन गावी डोनाल्ड गार्डनर हे संगीत शिकवीत. दुसरीच्या मुलांना त्यांनी विचारले, "नाताळात तुम्हांला काय हवं?" मुले बोलू लागली, तो सगळी बोबडी! पाहतात तर बहुतेकांचे पुढचे दात पडलेले. त्यावरून गुरुजींनी नाताळात पुढचे दोन दात मागणाऱ्या मुलाचे गाणे अर्ध्या तासात रचले.

१९४७ च्या डिसेंबरात स्पाइक जोन्स यांच्या वाद्यवृंदाने ते ध्वनिमुद्रित केले. पोराचा आवाज काढला तो जॉर्ज रॉक या ट्रम्पेट वाजवणाऱ्या मोठ्या माणसाने! १९४८-४९ च्या मोसमात ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांत पहिले आले.

गुरुजनहो, "नीट बोल" असे दटावणे सोपे असते. गार्डनर मास्तरांनी दटावले नाही, कान दिला. म्हणून त्या वर्गातले हसू अजून ऐकू येते.