पहिल्या धारेची आग

शीतपेयाचे दोन रिकामे डबे घ्यावेत, त्यांचे बूड बोटभर उंचीवर कापावे, एक बूड दुसऱ्यात घट्ट बसवावे आणि वरच्या कडेला सुईने बारीक छिद्रे पाडावीत. आत दोन-तीन चमचे स्पिरिट ओतून काडी लावली की थोड्या वेळाने त्या छिद्रांतून निळसर ज्योतींचे कडे उमलते. डोंगरभटक्यांची ही घरगुती चूल. वजन काही ग्रॅम, किंमत जवळपास शून्य. गेल्या उन्हाळ्यात माणिकगडाच्या वाटेवर निघण्याआधी गडचांदूरच्या एका अंगणात आम्ही ती पेटवून पाहिली. अंगणात अशासाठी की राखीव जंगलात विस्तव पेटवणे 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि चैत्रातल्या पाचोळ्याकडे पाहिले की त्या कायद्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. भर उन्हात ज्योत जवळजवळ दिसतच नव्हती. अंगणाच्या कडेला गोणपाटावर मोहाची फुले वाळत पडली होती. ज्या द्रव्यावर ती चूल जळत होती ते द्रव्य या फुलांतून शतकानुशतके निघत आले आहे. मग ते इथल्या चुलीपर्यंत का पोचले नाही, या प्रश्नातून प्रस्तुत टिपण सुचले.

या द्रव्याला मराठीने दिलेले नावच मोठे बोलके आहे. ‘मद्यार्क’ या शब्दातला ‘अर्क’ अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ घाम; भट्टीच्या भांड्याला आतून सुटणारा घाम तो अर्क. परंतु संस्कृतात ‘अर्क’ म्हणजे सूर्य. एकाच शब्दात घाम आणि सूर्य, द्रव आणि तेज, असे दोन्ही सामावले. राज्यकारभाराने मात्र यातला द्रवच पाहिला. ‘अबकारी’ हा फारसी शब्द ‘आब’ म्हणजे पाणी यावरून झालेला. सरकारच्या दप्तरी मद्यार्क हे कर बसवण्याजोगे पाणी होते. आग म्हणून त्याची नोंद होण्याचे कारण नव्हते.

लोकभाषेला मात्र ही आग ठाऊक होती. ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार आपण आज साहित्याच्या समीक्षेतही सहज वापरतो. तो आला भट्टीवरून. आंबवलेली फुले उकळली की प्रथम जी धार येते तिच्यात मद्यार्क सर्वाधिक असतो. पुढे पाण्याचे प्रमाण वाढत जाते. पहिल्या धारेची परीक्षा काडी लावून करतात. पेट घेतला तर अस्सल. बारूद भिजवून पेटते का ते पाहण्याची जुनी इंग्रजी रीत याहून वेगळी नव्हती. म्हणजे पेयाच्या कसाचे माप ज्वलन हेच होते. पण परीक्षा झाली की ती ज्योत विझवली जाई, तिच्यावर भांडे कोणी ठेवले नाही.

याचे एक कारण साधे आहे. ज्याच्या दाराशी सरपण आहे, तो फुलाचा अर्क काढून जाळणार नाही; अर्क काढायलाही सरपणच लागते. शिवाय वाळलेले मोहफूल हे टंचाईच्या दिवसांतले अन्न. दुसरे कारण राज्यसत्तेचे आहे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळप सरकारच्या मुठीत आणले आणि 1892 च्या मोहोरा कायद्याने ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत फुलांच्या साठ्यावर आणि व्यापारावरच निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूल संशयित ठरले. गडचांदूरचा इतिहास थोडा निराळा. राजुऱ्याचा हा मुलूख निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि 1959 मध्ये चांद्याला. वर्धा नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे मध्य प्रांत. पण अबकारीचा डोळा दोन्ही तीरांवर सारखाच होता.

फुलाकडे इंधन म्हणून पाहणारी माणसे झालीच नाहीत असे नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गिल्बर्ट फाउलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहफुलाच्या जीवरसायनाचा अभ्यास केला आणि 1920 मध्ये तो प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये पॉवर अल्कोहोलचा स्वतंत्र कायदाही झाला. परंतु त्याची नजर मोटारीच्या टाकीवर होती, चुलीवर नव्हे. स्वीडनमध्ये ट्रांगिया कंपनीने 1951 मध्ये स्पिरिटवर चालणारा वाऱ्यापासून सुरक्षित स्टोव्ह बाजारात आणला, तेव्हा आपल्याकडे स्पिरिटचे घरगुती काम काकडा भिजवून रॉकेलचा स्टोव्ह तापवण्यापुरतेच होते.

या इतिहासातला सर्वांत अर्थपूर्ण प्रयोग महाराष्ट्रातच झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी व सहकाऱ्यांनी गोड ज्वारीपासून इथेनॉल काढण्याचे काम केले आणि निम्मे पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारा स्वयंपाकाचा स्टोव्ह तयार केला. त्यावरचा त्यांचा निबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्मे पाणी, निम्मा मद्यार्क: हे प्रमाण आपल्या ओळखीचे आहे. पहिल्या धारेच्या जवळचेच ते. म्हणजे कारखान्यातले शुद्ध स्पिरिट नसतानाही चूल पेटू शकते, हे प्रयोगशाळेने सिद्ध केले.

ढोबळ हिशेब करून पाहू. वाळलेल्या फुलात सुमारे 60 टक्के साखर धरली, तर एक किलो फुलांतून फार तर 300 ग्रॅम मद्यार्क निघेल. व्यवहारात 250 धरू. साध्या चुलीवर एक लिटर पाणी उकळायला सुमारे 25 ग्रॅम लागतो. म्हणजे एक किलो फुलांवर दहा लिटर पाणी. गाळपाला लागणारे सरपण यात धरलेले नाही. धुरात डोळे चोळणाऱ्या बाईला हा हिशेब मोहवील, पण पोटाला फूल लागणाऱ्या घराला परवडणार नाही.

आणि दारूचा प्रश्न उरतोच. 1993 मध्ये गडचिरोलीत दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, मोठ्या चळवळीनंतर. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. त्याच 2015 साली मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. चुलीसाठी म्हणून घरात आलेले इंधन गळ्याखाली जाणार नाही याची हमी कोण देणार? त्यात विष मिसळावे तर पिणारा तरीही पितो, आणि मरतो. कायद्याचे भय निराधार नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. आक्षेप इतकाच की त्या भयाने भट्टीवरचा माणूस पाहिला, चुलीपुढची बाई पाहिली नाही. दारूने जिचे घर जळाले आणि धुराने जिची छाती भरली, ती पुष्कळदा एकच असते.

आज गडचांदूरच्या पंपावर मोटारसायकलीत जे पेट्रोल भरले जाते त्यात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ऊस आणि धान्य यांचा मद्यार्क रस्त्यावर राजरोस जळतो, आणि त्याला कोणी दारू म्हणत नाही. द्रव्य तेच, पण मोठ्या कारखान्यातून आले की ते इंधन होते आणि मडक्यातून आले की मुद्देमाल. डब्याची ती चूल विझल्यावर आम्ही बराच वेळ हात लावला नाही. ज्योत दिसत नसली तरी ती तिथे असू शकते, हे एव्हाना कळले होते.